उदयाआधीचा रोग

रक्तात फिरणारी कर्कपेशी दुखत नाही. ती हाताला लागत नाही, सीटी स्कॅनमध्ये तिची सावली पडत नाही, आणि ज्याच्या शरीरात ती आहे त्याच्या जेवणात, झोपेत, रोजच्या धावपळीत तिच्यामुळे काडीचाही फरक पडत नाही. नॅनोकणांच्या साहाय्याने अशी पेशी रक्तातून वेचून काढता येऊ लागली आणि वैद्यकाच्या हाती एक नवे साधन आले. त्याचबरोबर एक जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. जो रोग अजून भोगाला आलेला नाही, तो ‘आहे’ असे म्हणता येते का? म्हणता येत असेल, तर तो जाणून घेणे माणसाचे कर्तव्य ठरते का? ‘नशिबात असेल ते होईल’ असे म्हणून जो तपासणीला जात नाही, तो श्रद्धाळू की बेफिकीर?

प्रश्नाचे स्वरूप कळण्यासाठी आधी साधन समजून घ्यावे लागते. १८६९ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर थॉमस ॲशवर्थ यांना कर्करोगाने मरण पावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात, गाठीतल्या पेशींसारख्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे या निरीक्षणाचा रुग्णांसाठी फारसा उपयोग करता आला नाही, कारण अशा पेशी हुडकणार कशा? एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे ५०० कोटी असतात आणि पांढऱ्या पेशी ४० लाखांपासून १ कोटी १० लाखांपर्यंत. रोग शरीरभर पसरलेल्या रुग्णाच्याही तेवढ्याच रक्तात कर्कपेशी बहुधा एकेरी आकड्यात निघतात, पुष्कळदा एकही निघत नाही.

नॅनोकणांनी ही अडचण दोन गुणांच्या बळावर सोडवली. लोखंडाच्या ऑक्साइडचा कण पुरेसा लहान केला, की तो एका विलक्षण रीतीने वागतो. चुंबक जवळ आणला की तो खेचला जातो आणि चुंबक दूर केला की त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत, रक्तात मोकळे तरंगत राहतात. दुसरा गुण त्यांच्या पृष्ठभागाचा. आकाराच्या मानाने तो एवढा मोठा असतो, की त्यावर हवे ते रेणू दाटीने बसवता येतात. स्तन, आतडे, फुप्फुस, तोंड अशा अवयवांच्या अस्तरातून निघालेल्या कर्कपेशींवर एपकॅम नावाचे प्रथिन असते. रक्ताच्या स्वतःच्या पेशींवर ते नसते. या प्रथिनाला धरणारी प्रतिपिंडे कणांवर बसवली, की कण नेमके त्या पेशींना जाऊन चिकटतात. मग चुंबक लावायचा, बाकीचे रक्त धुऊन टाकायचे, आणि उरलेल्या पेशी रंग देऊन ओळखायच्या. याच तत्त्वावरच्या ‘सेलसर्च’ या पद्धतीला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक कर्कपेशी निघाल्या तर पसरलेल्या स्तनकर्करोगाची वाटचाल अधिक बिकट असते, हे तिने दाखवले.

महाराष्ट्रात या वाटेवरचे महत्त्वाचे काम पुण्याचे. तेथील महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ फार्मसीमध्ये जयंत खांदारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय नॅनोकण आणि झाडासारखे फांद्या फुटलेले रेणू यांची जोडणी करून कर्कपेशी पकडण्याची एक रचना तयार केली. तिच्यावरचा शोधनिबंध २०१३ साली आला. त्या रचनेत आमिष म्हणून ट्रान्सफेरिन वापरले होते. ट्रान्सफेरिन हे रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन. झपाट्याने वाढणाऱ्या कर्कपेशीला लोहाची भूक मोठी असते, म्हणून तिच्या अंगावर ट्रान्सफेरिन पकडणारी मुखेही पुष्कळ असतात. पेशी तिच्या भुकेनेच पकडली जाते. पुढे ॲक्टोरियस या पुण्याच्या कंपनीने एपकॅमची प्रतिपिंडे वापरून ‘ऑन्कोडिस्कव्हर’ ही तपासणी विकसित केली. तिला दीड मिलिलिटर रक्त पुरते आणि तिला भारताच्या औषध नियंत्रकांची मान्यता आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये या पेशींची संख्या आणि रोगाचा टप्पा यांचा संबंध तपासण्याचे कामही झाले आहे.

आता प्रश्नाकडे. मुंबईलगतचे मीरा-भाईंदर हे शहर या प्रश्नासाठी मुद्दाम निवडण्याजोगे आहे. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ८,०९,३७८ होती. पश्चिमेला बावन जिनालयाभोवती गुजराती आणि राजस्थानी जैन कुटुंबांची दाट वस्ती, उत्तन-पाली-चौकच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती कोळी, मीरा रोडला नया नगरमध्ये मुसलमान, आणि सगळीकडे पसरलेली मराठी हिंदू घरे. यांपैकी कोणाच्या घरी कर्करोगाचा संशय आला, की बहुतेकांची वाट तीच: पश्चिम रेल्वेची गाडी पकडून परळच्या ‘टाटा’ला. वाट एक असली तरी रोग, भोग आणि भविष्य यांच्याकडे बघण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. त्यांतली जैन कर्मसिद्धांताची रीत या विषयाला सर्वांत जवळची आहे, कारण ‘असून न प्रकटलेले’ या अवस्थेचा इतका बारकाईने विचार दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

जैन दर्शनात कर्म म्हणजे नुसती करणी नव्हे, पाप-पुण्याचा अमूर्त हिशेबही नव्हे. ते पुद्गल आहे, म्हणजे द्रव्य, तेही अतिसूक्ष्म. मन, वाणी आणि काया यांच्या हालचालीने ते आत्म्याकडे ओढले जाते, हा आस्रव. क्रोध, लोभ अशा कषायांमुळे ते आत्म्याला चिकटते, हा बंध. चिकटलेले कर्म लगेच फळ देत नाही. बंध झाल्यापासून फळ द्यायला लागेपर्यंतचा जो काळ, त्याला अबाधाकाळ म्हणतात. या काळात कर्म सत्तेत असते. सत्ता म्हणजे येथे अधिकार नव्हे, अस्तित्व. ते आहे, पण बाधत नाही. वेळ आली की उदय होतो आणि जीवाला त्याचे फळ भोगावे लागते. शारीरिक पीडा हे असातावेदनीय कर्माचे फळ.

तेराव्या शतकातील देवेंद्रसूरींचे कर्मग्रंथ आणि त्यांच्या आधीचे नेमिचंद्रांचे गोम्मटसार अशा ग्रंथांत कर्माच्या या अवस्थांची गणिती म्हणावी इतकी काटेकोर मांडणी आहे. सत्तेतले कर्म जसेच्या तसे पडून राहते असे मुळीच नाही. त्याची मुदत आणि तीव्रता वाढू शकते, घटू शकते. एका पोटप्रकाराचे कर्म दुसऱ्यात बदलू शकते. ते काही काळ दाबून ठेवता येते. आणि उदीरणा नावाची एक अवस्था आहे. ज्याची वेळ अजून आलेली नाही असे कर्म प्रयत्नपूर्वक आधीच उदयाला आणून भोगून टाकणे, म्हणजे उदीरणा. तपाचे एक प्रयोजन हेच सांगितले जाते. या सर्व बदलांना न जुमानणारे, जसे बांधले तसेच भोगावे लागणारे कर्म ते निकाचित.

येथे एक सावधगिरी घ्यायला हवी. कर्मपुद्गल म्हणजे कर्कपेशी नव्हे, आणि कर्मग्रंथांच्या कर्त्यांना रक्तातल्या पेशींची कल्पना नव्हती. आधुनिक शोध जुन्या पोथीत आधीच होता असे म्हणणे शोधावरही अन्याय आणि पोथीवरही. घ्यायची ती विचाराची चौकट, आणि ती या प्रश्नाला नेमकी लागू पडते. रोग आहे किंवा नाही, अशा दोनच खणांत विचार केला तर निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या रक्तात सापडलेल्या पेशीला जागाच मिळत नाही. बंध, अबाधा, सत्ता, उदय अशी साखळी मानली, की ‘तो माणूस रोगी आहे का’ या प्रश्नाचे रूप पालटते. आहे ते कोणत्या अवस्थेत आहे आणि त्या अवस्थेत काय करता येते, हे विचारावे लागते. आणि लवकर निदान करून, अजून काही दुखत नसताना, शस्त्रक्रियेचे दुःख आजच पत्करून पुढचे मोठे दुःख संपवणे याला उदीरणेहून चपखल दुसरी उपमा सापडणार नाही.

म्हणूनच ‘कर्मात असेल ते होईल’ हे वाक्य या सिद्धांताचे सार म्हणून सांगितले जाते तेव्हा ते सिद्धांताच्या विरोधात जाते. सर्वच कर्म निकाचित असते तर तप, संवर (नवे कर्म अडवणे), निर्जरा (बांधलेले कर्म झडून जाणे) यांना अर्थच उरला नसता. आणखी एक गैरसमज याहून घातक. रोग हे कर्मफळ असेल तर रोग्यानेच काहीतरी केले असणार, असे शेजारीपाजारी बोलून जातात, आणि गाठ लागलेली बाई ती महिनोन्महिने लपवून ठेवते. कर्मसिद्धांतात फळ प्रकट व्हायला द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव अशी निमित्ते लागतात. तंबाखू हे असेच एक निमित्त, आणि ते टाळणे माणसाच्या हातात आहे. दुसऱ्याच्या सत्तेत काय आहे हे सामान्य माणसाला दिसत नाही, असे तोच सिद्धांत सांगतो. ज्याला दिसत नाही त्याने दोष देऊ नये, हे त्यातून आपोआप निघते.

पेशी सापडली म्हणजे रोग ठरला, असेही नाही. १८८९ साली इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनकर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी पाहून एक मत मांडले: कर्करोगाचे बी सगळीकडे जाते, पण रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच. रक्तात उतरलेल्या बहुसंख्य कर्कपेशी मरून जातात. नवी गाठ उभी करण्याइतक्या टिकतात त्या अत्यल्प. बी भाजले की उगवत नाही, हा दृष्टान्त जैन आणि योग या दोन्ही परंपरांत कर्मासाठी वापरला जातो. प्रयोगशाळेत काचपट्टीवर दिसणारी पेशी भाजलेले बी आहे की जिवंत, हे ती नुसती मोजून कळत नाही. नॅनोकण बी आहे एवढेच सांगतात. जमिनीबद्दल ते काही सांगत नाहीत.

सुश्रुतसंहितेतील क्रियाकाळाचा विचारही याच अंगाने जातो. दोषांचा संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, मग व्यक्ती म्हणजे रोगाचे प्रकट होणे, आणि शेवटी भेद, अशा सहा पायऱ्या तिथे सांगितल्या आहेत. रोगाला नाव मिळते ते पाचव्या पायरीवर; त्याआधीच्या चार पायऱ्यांवर वैद्याने ओळखले तर उपाय सोपा, हा त्या विवेचनाचा रोख. रक्तातली कर्कपेशी ‘प्रसर’ या पायरीची आठवण करून देते. पण एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. सुश्रुताच्या प्रत्येक पायरीला त्या पायरीचा उपचार जोडलेला आहे. ओळखणे आणि करणे या गोष्टी तिथे सुट्या नाहीत. आजच्या साधनाने ओळखण्यात मोठी झेप घेतली आहे आणि करण्याची बाजू तितकी पुढे गेलेली नाही. पुढचा सगळा पेच यातून उद्भवतो.

तपासणीचे उत्तर कितपत खरे मानावे, हा ज्ञानमीमांसेचा प्रश्न. न्यायशास्त्राने तो डोंगरावरच्या धुराच्या उदाहरणाने मांडला. धूर दिसला की आग असते, हे अनुमान बरोबर. पण आग असली की धूर असतोच, हे अनुमान चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर निघायला ओले सरपण लागते. एपकॅमवर विसंबलेल्या तपासणीची मर्यादा हीच. गाठीतून सुटून निघताना काही कर्कपेशी आपली अस्तराची ओळख टाकून देतात. त्यांच्यावरचे एपकॅम कमी होते किंवा नाहीसे होते आणि कण त्यांना ओळखत नाहीत. आग असते, धूर नसतो. उलट बाजूने, कधी कधी कर्करोग नसलेल्या माणसाच्या रक्तातही अस्तराच्या पेशी सापडतात. तेव्हा धूर म्हणून जे दिसले ते धुके निघते. नैयायिक अशा हेतूला अनैकांतिक म्हणतात: जो साध्य असते तिथेही आढळतो आणि नसते तिथेही.

हे आकड्यांत मांडले तर अधिक स्पष्ट होते. कल्पना करा, एक लाख निरोगी दिसणाऱ्या लोकांत १०० जणांना खरोखर लपलेला रोग आहे. तपासणी त्यांतल्या ९० जणांना पकडते आणि रोग नसलेल्यांपैकी फक्त पाच टक्क्यांना चुकून रोगी ठरवते. ऐकायला ही तपासणी उत्तम वाटते. पण उरलेल्या ९९,९०० जणांचे पाच टक्के म्हणजे ४,९९५. एकूण ५,०८५ जणांच्या हाती ‘पेशी सापडल्या’ असा कागद पडतो आणि त्यांत खरे रोगी ९०, म्हणजे साधारण ५६ जणांत एक. बाकीच्यांना मिळते ते भय आणि पुढच्या तपासण्या, आणि काहींना नको असलेली शस्त्रक्रिया. जैन तर्कशास्त्र प्रत्येक विधानाआधी ‘स्यात्’ लावायला सांगते: अमुक एका अपेक्षेने आहे. त्याचा अर्थ ‘कदाचित’ असा घेतला जातो, पण तो संशय नव्हे. विधान कोणत्या अटीखाली खरे आहे ते उघड सांगण्याची ती शिस्त आहे. पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णाच्या अपेक्षेने ‘पाच पेशी’ या शब्दांना एक अर्थ आहे. भाईंदरच्या एखाद्या धडधाकट दुकानदाराच्या अपेक्षेने त्याच शब्दांना तोच अर्थ नाही.

फ्रान्समधील एका अनुभवाने हे प्रत्यक्ष दाखवले. २०१४ साली नीस येथील डॉक्टरांनी फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्या १६८ जणांचे रक्त तपासले. पाच जणांत कर्कपेशी सापडल्या, आणि एक ते चार वर्षांनी त्याच पाच जणांच्या फुप्फुसात स्कॅनवर गाठ दिसली. बातमी आशेची होती. मग हीच पद्धत अनेक रुग्णालयांत ६१४ जणांवर पारखली गेली. २०२० साली निष्कर्ष आला, की तिला कर्करोग असलेल्यांपैकी जेमतेम २६ टक्के ओळखता आले, आणि सरसकट तपासणीसाठी ती योग्य नाही. ही पद्धत नॅनोकणांची नव्हती. बारीक छिद्रांच्या गाळणीवर मोठ्या पेशी अडवण्याची होती. उत्तनच्या कोळ्यांना तिचे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. त्यांचे डोल जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडून उभे असते, त्याचे आस शेपटाकडे बारीक होत जातात, आणि बोंबलापासून जवळ्यापर्यंत जे जे त्या आसातून सुटत नाही ते सगळे आत राहते. आकाराने पकडायचे तर नको ते येते आणि हवे ते निसटते. नॅनोकण आकार बघत नाहीत, खूण बघतात. म्हणून ते अधिक नेमके. पण ज्याने खूण टाकली तो त्यांच्याही हातून सुटतो.

जाणून घेण्याच्या कर्तव्याकडे उत्तनच्या ख्रिस्ती परंपरेतूनही पाहता येते. सोळाव्या शतकापासून कॅथलिक नीतिशास्त्रात साधारण आणि असाधारण उपायांचा भेद केला जातो. जीवन ही देवाने सोपवलेली ठेव असल्याने साधारण उपाय घेणे माणसाला बंधनकारक आहे. जे अवाजवी ओझे ठरतात असे उपाय घेण्याची सक्ती नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणात हाच भेद मांडला. नव्या आणि महागड्या रक्ततपासणीला ही कसोटी लावली तर उत्तर व्यक्तीनुसार बदलते: घरात आनुवंशिक कर्करोग असलेल्याला ती साधारण वाटेल, आणि महिनाभराची कमाई तीत घालावी लागणाऱ्याला असाधारण. इस्लामी परंपरेत तवक्कुल, म्हणजे अल्लाहवर भरवसा, हा प्रयत्नांचा पर्याय मानलेला नाही. सातव्या शतकात खलिफा उमर सीरियाकडे निघाले असता वाटेत प्लेगची बातमी आली आणि ते माघारी वळले. अल्लाहने ठरवलेल्यापासून पळता का, असे त्यांना विचारले गेले. एका नियतीकडून त्याच अल्लाहच्या दुसऱ्या नियतीकडे जातो, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याची परंपरा आहे. मराठी घरांतला प्रारब्धाचा विचारही नीट पाहिला तर वेगळे सांगत नाही. सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध, भात्यातले बाण म्हणजे संचित, आणि हातात घेतलेला म्हणजे क्रियमाण. लक्षण दिसण्याआधीचा रोग सुटलेला बाण मानायचा की भात्यातला, हे बाण परत घेण्याचा उपाय आहे की नाही यावर ठरते.

म्हणजे या शहरातल्या चारही वाटा एकाच ठिकाणी येतात, आणि ते ठिकाण महत्त्वाचे आहे: जाणण्याचे कर्तव्य उपायाच्या मापाने येते. जिथे उपाय आहे आणि परवडणारा आहे, तिथे अज्ञानाला श्रद्धेचे नाव देता येत नाही. जिथे ज्ञानाने हाती काहीच येत नाही, तिथे ते घेण्याचे बंधनही नाही. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली सरसकट तपासणीची तत्त्वे लिहिली, त्यांत ओळखलेल्या रोगावर मान्य उपचार उपलब्ध असला पाहिजे हे तत्त्व आहेच. रक्तातील कर्कपेशींच्या बाबतीत याची कठोर परीक्षा अमेरिकेतील एका चाचणीत झाली. तिचा निष्कर्ष २०१४ साली आला. पसरलेल्या स्तनकर्करोगात पहिल्या केमोथेरपीनंतरही पेशींची संख्या चढीच राहिलेल्या स्त्रियांमध्ये औषध लगेच बदलून पाहिले. आयुष्य वाढले नाही. पेशींनी धोका बरोबर सांगितला होता, पण बदलून देण्याजोगे औषधच तेवढे प्रभावी नव्हते.

उपाय आहे पण त्याची गरजच नव्हती, असेही घडते, आणि ते अधिक फसवे. दक्षिण कोरियात सोनोग्राफीने थायरॉइडच्या गाठी सर्रास शोधल्या जाऊ लागल्या आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाचे प्रमाण पंधरापट झाले. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तेवढेच राहिले. कधीही उदयाला न येणारे सत्तेत सापडले होते, आणि हजारो लोकांनी त्यासाठी ग्रंथी काढून घेतल्या. ही उदीरणा नव्हे. जे कर्म फळलेच नसते त्याच्यासाठी भोगलेल्या दुःखाला कर्मसिद्धांताच्या भाषेतही निर्जरा म्हणता येणार नाही.

याच्या उलट टोकाला मुंबईचे उदाहरण आहे, आणि या विषयावर लिहिताना ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर एक चाचणी सुरू केली. इंद्रनील मित्रा आणि सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तनांची तपासणी करीत आणि ॲसिटिक ॲसिड, म्हणजे सौम्य व्हिनेगर लावून गर्भाशयमुख पाहत. त्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्तनकर्करोगात वीस वर्षांनी, २०२१ साली आलेल्या निष्कर्षानुसार, पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले; सर्व वयोगट मिळून झालेली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तो निष्कर्ष २००९ चा. मुंबईच्या चाचणीतील तुलनेच्या गटाला नियमित तपासणी मिळाली नव्हती, आणि त्यावर नैतिक आक्षेप घेतले गेले. आक्षेप गंभीर आहे. ज्ञान मिळवण्यासाठी काहींना त्या ज्ञानापासून दूर ठेवावे लागले, आणि त्या ज्ञानाचा लाभ पुढे इतरांना झाला. या स्त्रियांचे ऋण मान्य न करता लवकर निदानाच्या नीतीवर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल.

या उदाहरणांवरून कर्तव्य कोणाचे, हेही ठरवता येते. धर्मचर्चेत ते नेहमी एकट्या माणसावर टाकले जाते: त्याने तपासावे, त्याने सावध राहावे. पण व्हिनेगरने दिसणारा डाग वेळेत दाखवणे हे त्या बाईच्या हातात नाही, ते आरोग्यव्यवस्थेच्या हातात आहे. मीरा-भाईंदरसारख्या शहरात भाड्याच्या खोलीत राहून पहाटेच्या लोकलने कामाला जाणाऱ्या बाईला एक अख्खी सुट्टी काढून परळला जावे लागत असेल, तर तिने तपासणी चुकवली याचा दोष तिच्या श्रद्धेला देता येत नाही. ज्या तपासण्यांनी मृत्यू टळतात हे सिद्ध झाले आहे, त्या दाराशी नेणे हे आधीचे कर्तव्य. नॅनोकणांची तपासणी त्यानंतरची.

अहिंसेचा एक प्रश्न जैन घरांत विचारला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. श्वेतांबर परंपरेनुसार शरीराबाहेर पडलेल्या रक्तात थोड्याच वेळात संमूर्च्छिम, म्हणजे गर्भाविना आपोआप उपजणारे, जीव उत्पन्न होतात. मग नळीत काढलेले रक्त, आणि त्यात मारून रंगवलेल्या पेशी, ही हिंसा झाली का? परंपरेचे उत्तर गृहस्थाच्या अणुव्रतात आहे. मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाने टाळायचीच. जगण्याच्या व्यवहारात घडणारी आरंभी हिंसा त्याला सर्वस्वी टाळता येत नाही, ती यतनेने, म्हणजे काळजीपूर्वक, कमीत कमी करायची. साडेसात मिलिलिटरऐवजी दीड मिलिलिटरमध्ये तपासणी होणे या दृष्टीने क्षुल्लक नाही. अधिक अवघड प्रश्न पकडलेल्या पेशीच्या स्वरूपाचा आहे. जैन मताप्रमाणे एक जीव सगळे शरीर व्यापून असतो. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या पेशी ती गेल्यानंतरही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या आहेत. जीव निघून गेला आणि पेशी राहिल्या. त्या कोणाच्या आश्रयाने जिवंत आहेत, याचा विचार निगोदाच्या, म्हणजे एकाच शरीरात अनंत जीव राहतात या, कल्पनेतून करता येईल, पण तो अजून नीट झालेला नाही.

रक्तातील कर्कपेशींच्या तपासणीचे आजचे सर्वांत पक्के काम निदान झालेल्या रुग्णाच्या बाबतीत आहे: रोगाची वाटचाल कशी होईल याचा अंदाज, उपचार लागू पडतो का याचा माग, शस्त्रक्रियेनंतर रोग परतण्याची चाहूल. निरोगी माणसाच्या बाबतीत तिने मृत्यू टळतात का, हे ठरवायला पेशी मोजून भागणार नाही, माणसे मोजावी लागतील, तीही दोन गटांत आणि वर्षानुवर्षे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या हातांच्या तपासणीला हे उत्तर मिळायला वीस वर्षे लागली होती.